बदलापूर, वजा वरुण धवन

तर झालं असं, की एका क्लाएंटला उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या बातम्या हव्या होत्या. आमच्याकडे मीडिया मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर आहे. शब्द द्यायचे, पेपर आणि पोर्टलवर ते जिथे येतील त्या बातम्या गोळा होतात. टीममधला एकमेव बदलापूरकर मी. त्यामुळे काम अर्थातच माझ्या गळ्यात.

'बदलापूर' टाकून जुन्या-नव्या बातम्या काढल्या. ढीगभर निकाल 2015 च्या वरुण धवनच्या सिनेमाचे. काही उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातल्या बदलापूरचे. (हो, तिथेही एक आहे. मलाही तेव्हाच कळलं.) अंबरनाथची वेगळीच तऱ्हा. स्पेलिंगची चूक चालवून घेणारा पर्याय चालू राहिला होता, म्हणून इंग्रजीतलं एक अक्षर गळलं की थेट अमरनाथ यात्रा! अहो, आमच्याकडे 1060 सालचं शिवमंदिर आहे, पण म्हणून काय डायरेक्ट हिमालयात? आणि उल्हासनगरवाले पुष्कळदा शहराचं नावच घेत नाहीत. नुसतं 'कॅम्प 4'.

त्यात आपली मराठी. 'बदलापूर'चं 'बदलापुरात' झालं की ऊ ऱ्हस्व होतो आणि तंतोतंत शब्द शोधणारं मशीन म्हणतं, हा शब्द मी पाहिलाच नाही. शेवटी 'बदलापू' आणि 'बदलापु' अशा दोन्ही सुरुवाती 'ऑर'ने जोडल्या. आळस करून नुसतं 'बदला' दिलं असतं तर देशभरातले सगळे सूड माझ्या इनबॉक्समध्ये :)

इथपर्यंत मजा होती. मग क्लाएंट म्हणाला, लोकल उशिरा धावल्याच्या बातम्या फार येतात, त्या काढा. त्याला रस्ते, पाणी, पूर एवढंच हवं होतं. मी 'नॉट लोकल' लिहिलं आणि निकाल एकदम स्वच्छ झाले. पंधरा मिनिटं स्वतःवर खूश होतो.

नंतर सहज तोच फिल्टर 27 जुलै 2019 वर चालवला. आठवतंय ना? उल्हास नदीला पूर, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकलेली, हजारापेक्षा जास्त प्रवासी बोटींनी बाहेर काढले. आमच्या भागातली एवढी मोठी बातमी, आणि माझ्या स्वच्छ यादीत जवळजवळ काहीच नाही! कारण सोपं. पुराच्या प्रत्येक बातमीत कुठेतरी 'लोकल सेवा विस्कळीत' हे वाक्य होतंच. काहींत तर बदलापूर नव्हतंच, नुसतं वांगणी.

रोजच्या दिवशी 'नॉट' बरोबर चालतं. घात करतं ते नेमकं मोठ्या दिवशी, कारण त्या दिवशी सगळे विषय एकाच बातमीत येतात. तेव्हापासून मी 'नॉट' फक्त शीर्षकावर लावतो, किंवा 'वरुण धवन'सारख्या अगदी नेमक्या नावावर. आणि प्रत्येक फिल्टर आधी अशा एखाद्या दिवसावर चालवतो, ज्या दिवशी काय घडलं ते मला स्वतःला माहीत आहे.

एवढ्यावर थांबलो असतो, पण एक गोष्ट अजून डोक्यात आहे. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या त्या मुलींवरच्या अत्याचारानंतर 20 तारखेला लोक स्टेशनवर उतरले, कित्येक तास गाड्या बंद होत्या. नंतरच्या एका मीटिंगमध्ये क्लाएंटकडचे एक साहेब म्हणाले, ''ते प्रकरण फिल्टर करा हो, नॉइज आहे.'' मी त्याच स्टेशनवरून रोज गाडी पकडतो. काही बोललो नाही. त्या बातम्या वगळल्याही नाहीत. वेगळा टॅग लावला, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकल्या आणि रिपोर्टच्या खाली आकडा दिला : इतक्या बातम्या बाजूला ठेवल्या आहेत.

पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, हा आकडा कशाला? म्हटलं, राहू दे.

तो अजून आहे.