मथळ्यामागील चार वर्षे

२०१६ मध्ये मुंबईच्या मालविका जोशी या १७ वर्षांच्या मुलीचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत झळकले. दहावी-बारावीचे प्रमाणपत्र हाती नसताना तिला अमेरिकेतील ‘एमआयटी’त प्रवेश मिळाला होता. कौतुक रास्तच होते. पण मथळ्यांचा रोख असा, की जणू शाळा सोडली म्हणूनच हे यश पदरात पडले!

वस्तुतः शाळा सोडणे हा या कथेचा केवळ आरंभ. सातवीच्या सुमारास मुलीला शाळेतून काढल्यावर आईने स्वतःची नोकरी सोडली, घरीच अभ्यासक्रम आखला आणि वर्षानुवर्षे तो नेटाने राबविला. मुलीने संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये भारताच्या वतीने दोन रौप्य व एक कांस्य अशी ३ पदके मिळविली. बारावीच्या अटीमुळे आयआयटीचे दार बंद होते, तेव्हा चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिला आपल्या उच्च वर्गांत सामावून घेतले. याला शाळेविना शिक्षण कसे म्हणावे? ही तर अधिक कठोर शाळा होती. पण आईच्या श्रमांचा मथळा होत नाही.

अशा वेळी काही उत्साही मंडळींना गुरुकुलाची आठवण होते. ती अस्थानी आहे. गुरुकुलातला बटू घर सोडून जात असे, सहाध्यायांबरोबर राहत असे. आईवडिलांच्या छायेत एकटा शिकत नसे.

प्रश्न आहे तो बातमी वाचून निर्णय घेणाऱ्या पालकांचा. जिथे दोघांनाही दिवसभर कामावर जावे लागते, त्या घरात मूल शाळेतून काढले तर त्याला शिकवायचे कोणी? घरी बसवलेले आणि मागे पडलेले मूल कोणत्याच वार्ताहराला दिसत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे केले. गृहशिक्षणाविषयी मात्र त्यात स्पष्ट तरतूद नाही. व्यवहारात मार्ग आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा देता येतात, राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येते. अशा अर्जाची माहिती यशोगाथेच्या बातमीत चौकटीपुरतीही सहसा आढळत नाही. पदकांसह छायाचित्र मात्र हमखास असते.