कॅरिअर नसलेली सायकल कशाला घेता?

"काय रे, इंजिनिअर झाला अन् सायकलनं फिरून राहिला? गाडी बिघडली का?"

वाशिमच्या पाटणी चौकात हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणारे काका प्रेमानंच विचारतात. पण माझ्या बुडाखाली पन्नास हजारांची सायकल, अंगात घट्ट कपडे आणि डोक्यावर हेल्मेट असतं, तर याच काकांनी "आज किती किलोमीटर?" असं कौतुकानं विचारलं असतं. आपल्याकडे सायकल एकतर गरिबी असते, नाहीतर फिटनेस. ती वाहन असते, हे कुणी धरतच नाही. माझं भांडण याच्याशी आहे.

मीही फसलोय. घरून काम सुरू झालं, वाशिमला परतलो आणि हौसेनं 'गिअरवाली' घेतली. २१ गिअर, दोन्हीकडे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, जाडजूड टायर. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, साधी घंटीही नाही. "सर, त्यानं लुक जातो," दुकानदार म्हणाला. पहिल्याच पावसात पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटली. दळणाचा डबा ठेवायला जागा नाही. पायडल मारलं की सायकल वर-खाली डुलायची, म्हणजे पायांचा जोर मागचं सस्पेन्शनच खायचं. ब्रेकचे पॅड ऑनलाइन मागवावे लागले. सहा महिन्यांत ती जिन्याखाली गेली.

मग बाबांची काळी सायकल काढली. २८ इंची चाकं, चेनकव्हर, मडगार्ड, दणकट स्टँड, कॅरिअर. टायर-ट्यूब आणि चेन बदलली, झालं.

"पण तिला गिअर नाहीत!" हिशोब करू. पुढे ४४ दाते, मागे १८. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात जवळपास साडेपाच मीटर. मिनिटाला ६० फेरे, म्हणजे आरामात पाय चालवले, तरी वेग ताशी १९-२० किलोमीटर. आपलं अख्खं शहर अर्ध्या तासात ओलांडता येतं. बाकीचे वीस गिअर कुणासाठी?

जुनं ते सोनं, असं मी म्हणत नाही. ही सायकल जड आहे आणि तिचे सळईचे ब्रेक ओल्या स्टीलच्या रिमवर घसरतात. नवी घेणार असाल तर ॲल्युमिनियमच्या रिम आणि साधे व्ही-ब्रेक बघा. वाटेत चढ असेल तर मागे पाच-सहा गिअर जरूर घ्या. पण दुकानात आधी चार प्रश्न विचारा. भाजीची पिशवी कुठे ठेवू? पावसात कपडे कोरडे राहतील? पँट चेनमध्ये अडकेल? आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हिची ट्यूब मिळेल? चारांची उत्तरं पटली नाहीत, तर तुम्ही वाहन नाही, खेळणं विकत घेताय.

३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. सगळ्यांनी स्टेटसवर हळहळ व्यक्त केली, मीसुद्धा. आमच्यापैकी किती जणांनी त्याआधीच्या दहा वर्षांत एक साधी सायकल विकत घेतली होती?

मानव विकास कार्यक्रमातून आपल्या जिल्ह्यात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. खेड्यातली मुलगी तिच्यावर दप्तर लादून शाळा गाठते. ती फिटनेस करत नसते, तिला पोचायचं असतं. सायकलचा अर्थ तिला नेमका कळलेला असतो. आणि बारावी झाली की आपणच तिला शिकवतो, की आता स्कूटी घे, सायकल शोभत नाही. पेट्रोलचा खर्च झेपला नाही, की तिचं बाहेर पडणंच कमी होतं.

म्हणून एवढंच करा. दोन-तीन किलोमीटरच्या कामाला सायकल काढा, कॅरिअर लावलेली. आणि कुणी सायकलवर दिसलं, तर गाडी बिघडली का, असं विचारू नका.