ऑलिंपसवरची महिनाअखेर

ग्रीक देवांशी माझी ओळख शाळेच्या पुस्तकातली. त्यामुळे २०१५ च्या जूनअखेरीस ग्रीसमधल्या बँकांना कुलपे लागली आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोच काढावेत असा हुकूम निघाला, तेव्हा मला पहिली काळजी लागली ती ऑलिंपस पर्वतावरच्या मंडळींची. मनाला तिकीट लागत नाही. तडक वर गेलो.

देवराज झ्यूस रांगेत उभा होता. हेराबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ह्यांच्या मुठीत वीज आहे हो, पण बिल चुकते का? २०११ साली सरकारने घरावरचा करही वीजबिलातच घातला!"

"पण ही वेळ आली कशी?"

"हर्मिसला विचारा. व्यापाऱ्यांचा देव तोच, चोरांचा देवही तोच, वह्या त्याच्याकडे! २००९ साली नव्या सरकारने त्या उघडल्या, तर तूट आधी सांगितलेल्याच्या दुपटीहून अधिक."

मग पाताळात डोकावलो. सिसिफस धोंडा ढकलीत होता. शिखर आले की धोंडा पुन्हा पायथ्याशी. "२०१० साली ११० अब्ज युरोंचे कर्ज मंजूर झाले," तो धापा टाकीत म्हणाला, "ते पुरेना म्हणून २०१२ साली दुसरे. आता तिसऱ्याची बोलणी. पूर्वी मी एकटाच ढकलीत होतो. आता सारा देश सोबतीला आहे."

मी हसलो. माणसांसाठी अग्नी चोरला म्हणून कॉकेशसच्या कड्याला जखडलेला प्रॉमिथियस मात्र हसला नाही. "अथेन्सला बँकेच्या दाराशी पाहिलेत?"

पाहिले. म्हातारी माणसे पेन्शनसाठी ताटकळत होती.

"गरुड रोज माझे यकृत खातो," तो म्हणाला, "पण रात्रीत ते पुन्हा वाढते. ह्यांच्या पेन्शनचा तोडलेला लचका काही भरून येत नाही."

माझे हसू जिरले. वह्या लिहिल्या कोणी, कर्ज काढले कोणी, आणि उन्हात उभे कोण! देवांनी भांडावे आणि ट्रॉय मात्र माणसांचे जळावे, ही तिथली जुनीच रीत.

परतताना पँडोरा भेटली. तिच्या रांजणातून सारी संकटे निसटली; तळाशी आशा तेवढी उरली.

"ती तरी जपा," मी म्हणालो.

"जपलीय हो," ती कुजबुजली, "पण सावकारांना सांगू नका. तारण म्हणून लिहून घेतील!"

कर्जाचा तो कार्यक्रम ऑगस्ट २०१८ मध्ये संपला. फेड मात्र पुढच्या पिढीच्या गळ्यात पडली. म्हणून पँडोराचे गुपित मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. तुम्हीही सांगू नका.