गाडी कोणती?

व्यापारी माणूस करारपत्रातील प्रत्येक शब्द पारखून घेतो; परंतु लग्नाच्या वऱ्हाडासाठी वाहन ठरविताना ‘गाडी पाठवा’ एवढ्यावरच त्याचे भागते. इंग्रजीत प्रवासी वाहनांना निरनिराळी नावे आहेत आणि बहुतेक नावांमागे प्रवाशाचा निराळा हक्क दडलेला आहे.

‘बस’ हा ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दाचा शेवटचा तुकडा. मूळ अर्थ ‘सर्वांसाठी’. १८२९ साली जॉर्ज शिलिबिअर यांनी लंडनमध्ये घोड्यांची ऑम्निबस सुरू केली. भाडे देणाऱ्या कोणासही तीत जागा होती. ‘कोच’ हा शब्द हंगेरीतील कोच नावाच्या गावावरून आला. घोडागाड्या बांधण्यासाठी ते गाव प्रसिद्ध होते. आज इंग्लंडात थांब्याथांब्यावर उतारू घेते ती बस आणि दूरच्या प्रवासाला वा सहलीला निघतो तो कोच. आपल्याकडे मात्र कोच म्हटले की रेल्वेचा डबा डोळ्यांपुढे येतो. एकच शब्द, पण देश बदलला की अर्थ बदलतो.

भारतीय कायद्यानेही हे भेद जपले आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार चालक सोडून सहापर्यंत प्रवासी भाड्याने नेणारी ती ‘मोटारकॅब’. सहाहून अधिक, पण बारापर्यंत नेणारी ‘मॅक्सीकॅब’. प्रत्येक उतारूकडून स्वतंत्र भाडे घेऊन टप्प्याटप्प्याने चालणारी बस ‘स्टेज कॅरेज’ होय. संपूर्ण बस ठरवून घेतली की ती ‘कॉन्ट्रॅक्ट कॅरेज’. करारात नसलेला उतारू तिला वाटेत घेता येत नाही. म्हणून वऱ्हाडाच्या बसमध्ये चालकाने परका प्रवासी बसविल्यास हरकत घेण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

‘कार’ आणि ‘कॅब’ यांतील अंतरही असेच. रूप एक, व्यवहार दोन. खासगी कारच्या विम्यात भाड्याने प्रवासी नेण्याचा समावेश नसतो. ओळखीच्या गृहस्थाची गाडी पैसे देऊन नेली आणि अपघात घडला, तर वाचविलेल्या चार पैशांचा हिशेब फार महाग पडू शकतो.

यास्तव वाहन ठरविताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : परवाना कोणत्या प्रकारचा, चालक सोडून आसने किती आणि विमा भाड्याच्या वापराचा आहे काय. वऱ्हाडात वृद्ध असतात, लेकरे असतात. त्यांच्यासाठी एवढी चौकशी करणे हे घरच्या कर्त्या माणसाचे कर्तव्यच होय.