डायलिसिस फुकट, गोळी विकत

आमच्या ऑफिसच्या गेटवर एक काका असतात, रात्रपाळीला. डायबेटीस आहे, पण महिनाअखेरीला गोळ्या संपतात आणि मग पगारापर्यंत 'गॅप'. परवा मी शहाणपणा केला. म्हटलं, "काका, तुमचं तर पाच लाखांचं कार्ड आहे ना?" ते हसले. "साहेब, ते ॲडमिट झाल्यावर. गोळीला कोण देतंय?"

घरी येऊन शोधलं. काका बरोबर होते, च्यायला!

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2017 मध्ये नाव बदललं. 2023 मध्ये दीड लाखाचे पाच लाख करायचं आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही घ्यायचं ठरलं. उत्तम झालं, माझी काही तक्रार नाही. पण साखर वाढून किडनी गेली की डायलिसिसचे पैसे सरकार भरणार, आणि किडनी जाऊ नये म्हणून लागणारी मेटफॉर्मिन काकांनी खिशातून आणायची? सर्व्हर पडला की वाट्टेल तेवढा खर्च, मेंटेनन्सला बजेट शून्य. असा क्लायंट आपल्याला भेटला तर कँटीनमध्ये आठवडाभर हसू आपण त्याला.

आता कोणीतरी म्हणेलच, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात की गोळ्या! मिळतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे नाहीत. पण बारा तासांची रात्रपाळी करून आलेल्या माणसाने सकाळी ओपीडीच्या रांगेत उभं राहायचं, आणि नंबर आल्यावर "स्टॉक नाही, बाहेरून आणा" ऐकायचं? तुम्ही राहाल? ईएसआयमध्ये औषधंही मिळतात, पण आधी एजन्सीने नाव तर घालायला हवं. रिक्षावाले आणि घरकामाच्या मावशी तर त्यात बसतच नाहीत.

तमिळनाडूने 2021 मध्ये बीपी-शुगरच्या गोळ्या थेट घरी पोचवायला सुरुवात केली. आपण किमान त्याच कार्डावर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून महिन्याची पट्टी द्यावी, बिल योजनेने भरावं. एवढंच मागतोय.

"आमच्या टॅक्सच्या पैशातून?" हो, त्यातूनच. जुन्या रिजीममध्ये स्वतःच्या मेडिक्लेमवर 80डीची सूट घेताना बाकीचे टॅक्सपेयर आठवले होते का कुणाला?

काकांचा पगार सात तारखेला होतो. आज अठ्ठावीस आहे.