उजेड आम्ही वाढवू, रात्र कुणी दिली ते सांगा



खेड्यातल्या एखाद्या पोराने घरच्या घरी बॅटरीचा उजेड तिप्पट केला, की शहरातली वर्तमानपत्रे त्याचा फोटो छापतात आणि ‘जुगाड’ म्हणून पाठ थोपटतात. पोर हुशार आहेच. पण त्याला एवढा उजेड लागतो कशाला, हे विचारायला कुणी येत नाही.

शहरात बॅटरी म्हणजे लाईट गेल्यावर शोधायची वस्तू. आपल्याकडे ते विळ्या-कुऱ्हाडीसारखे अवजार आहे. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरे आणि रोही यांच्यापायी जागल. विहिरीला घोटभर पाणी असेल तर कपाशीला एखादे ओलीत, तेही थ्री फेज येईल तेव्हा. दिवसा आठ तास नाही तर रात्री दहा तास, हे पाळीचे वेळापत्रक आपण वर्षानुवर्षे भोगले. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. ज्यांच्या फीडरवर दिवसाची वीज आली ते सुटले. बाकीच्यांना २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाची वीज फुकट आहे. फुकट, पण रात्रीची. रात्री बांधावरून चालण्याची किंमत कोणत्या बिलात धरली?

ती किंमत मोजली गेली आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. घोणस, मण्यार, फुरसे ही मंडळी मुख्यतः रात्री बाहेर पडतात. म्हणून बॅटरीच्या उजेडाला आम्ही चैन मानत नाही, आणि तो वाढवायचाच असेल तर हिशेबाने वाढवा असे सांगतो. आमची पदवी शेतकीची, विजेची नाही. पण हा हिशेब खताच्या मात्रेपेक्षा अवघड नाही.

जुनी दोन सेलची पत्र्याची बॅटरी घ्या. बल्ब २.४ व्होल्ट, अर्धा अँपिअर. आधी सेलची टोके, स्प्रिंग आणि बटणाची पट्टी पॉलिश पेपरने घासा. गंजाने अर्ध्या ओहमचा अडथळा आला तरी पाव व्होल्ट वाटेतच मरतो आणि उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. ही फुकटची सुधारणा कुणी करत नाही, सगळे नवा सेल आणायला धावतात. मात्र आतली चकचकीत वाटी राखेने घासू नका. तिच्यावरचा मुलामा एकदा गेला की परत येत नाही.

दोन सेलच्या बल्बला तीन सेल जोडायची युक्ती गावोगाव चालते. व्होल्टेज दहा टक्क्यांनी वाढले तर उजेड चाळीस टक्क्यांनी वाढतो, पण बल्बचे आयुष्य तिसऱ्या हिश्श्यावर येते. तीन सेलने व्होल्टेज दहा नव्हे, पन्नास टक्क्यांनी वाढते. मग ऐन जागलीत बल्ब उडतो.

तीन सेलच वापरायचे तर १ वॅटचा पांढरा एलईडी बसवा. त्याला ३.१ व्होल्टच्या आसपास लागतात आणि सेलचे होतात साडेचार. वरचे १.४ व्होल्ट अडवायला ४.७ ओहमचा, १ वॅटचा रेझिस्टर जोडा; प्रवाह ०.३ अँपिअरवर राहील. तेवढ्याच विजेत जुन्या बल्बच्या कितीतरी पट उजेड पडतो. एलईडीची ॲल्युमिनियमची चकती पत्र्याच्या अंगाला घट्ट टेकली पाहिजे, नाही तर तो स्वतःच्याच उष्णतेने मरतो. प्लास्टिकच्या बॅटरीत हा उद्योग करू नका.

आता धोक्याचे. बाजारातल्या चार्जिंगच्या बॅटरीत बहुधा ४ व्होल्टचा शिशाचा डबा असतो. तो मेला की पोरे त्याजागी लिथियमचा सेल टाकतात आणि त्याच पिनांनी चार्ज करतात. लिथियमच्या सेलला ४.२ व्होल्टच्या वर नेले की तो फुगतो, पेटतो. त्या स्वस्त चार्जरला थांबणे माहीत नसते. शिवाय अशा बहुतेक बॅटऱ्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणजे भिंतीतले २३० व्होल्ट थेट आतल्या तारांत उतरतात. पिन लावलेली असताना झाकण उघडू नका. लिथियम घालायचाच असेल तर जुन्या पिना तोडून टाका आणि टीपी ४०५६ ही छोटी चार्जिंगची पट्टी, संरक्षण असलेली, मोबाईलच्या चार्जरवर लावा.

आणि त्या सेलवर ९९०० छापलेले असेल तर दुकानदाराच्या तोंडावर परत फेका. १८६५० मापाच्या सेलमध्ये साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या फार पुढे कुणीच गेलेले नाही. ज्वारीच्या पिशवीवर ७५ टक्के उगवणशक्ती छापून चाळीस निघाली तर १९६६ च्या बियाणे कायद्याखाली तक्रार करता येते. (तिचे पुढे काय होते, हा वेगळा लेख होईल.) बॅटरीच्या सेलवर मात्र कुणी काहीही छापावे आणि आपण घ्यावे.

नुसता लांब झोत म्हणजे उजेड नव्हे. डुकरासाठी झोत लागतो, सापासाठी पायापुढचा पसरट उजेड. काचेवर दुधी प्लास्टिकचा तुकडा बसवला की झोत पसरतो. दोन कामांना दोन बॅटऱ्या ठेवा. डुकराची लांबवर मारताना घोणस पायाखालीच असते.

एवढे सगळे आपण करू. पण जुगाडाचे कौतुक करणाऱ्यांनी याला उपाय म्हणू नये. ज्याने दिवस कारखान्यांना आणि रात्र आपल्याला वाटून दिली, त्याची जबाबदारी ४.७ ओहमच्या रेझिस्टरने फिटत नाही.

जिल्हा बैठकीला येताना घरातली बॅटरी सोबत आणा. मल्टिमीटर आणि सोल्डरची सोय आम्ही करतो. त्याचबरोबर आपल्या फीडरचे नाव आणि मागच्या महिन्यात कोणत्या रात्री किती वाजता थ्री फेज आली, ते वहीच्या पानावर लिहून आणा. बॅटऱ्या दुपारपर्यंत दुरुस्त होतील. ती पाने घेऊन आपण सगळे मिळून अधीक्षक अभियंत्याकडे जाऊ आणि प्रत्येक फीडरला दिवसाची वीज कोणत्या तारखेपासून, हे लेखी घेऊ.