अळंबी आणि आइस हॉकी

पावसाळ्यात रानातली अळंबी एका रात्रीत उगवते असं आपण म्हणतो. खरं तर तिचे बारीक तंतू जमिनीखाली आधीच पसरलेले असतात. वर दिसते ती फक्त छत्री. छत्री खुडली तरी तंतू जिवंत राहतात.

माझ्या मते आइस हॉकीच्या टीमचंही असंच आहे. कॅनडातल्या विनिपेगची ‘जेट्स’ टीम १९९६ मध्ये अमेरिकेत फिनिक्सला, चक्क वाळवंटात गेली. कारण साधं: खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये आणि कमाई कॅनडाच्या स्वस्त डॉलरमध्ये! मालकांनी छत्री नेली, पण शहराचं हॉकीवेड तसंच राहिलं. २०११ मध्ये अटलांटाची टीम विनिपेगला आली, तिलाही ‘जेट्स’ हेच नाव मिळालं आणि १३,००० सीझन तिकिटं काही दिवसांतच संपली.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण २०२४ पर्यंत सीझन तिकिटं साडेनऊ हजारांच्या आसपास आली. टीम गेली की मालकाला शिव्या घालणं सोपं असतं. पण ओल नसेल तर तंतूही सुकतात, आणि माती ओली ठेवायचं काम शहराचंच. टीम असताना स्टेडियममध्ये जायचं नाही आणि गेल्यावर रडायचं, याला प्रेम कसं म्हणायचं?